'अमीलिओरेट' म्हणजे बरे करणे नव्हे : एका संमतिपत्रातील क्रियापदाचे प्रकरण

पार्श्वभूमी

कर्नाटकच्या सीमेलगतच्या एका जिल्ह्यातील रुग्णालयात गुडघ्याच्या झिजेवरील नव्या गोळीची क्लिनिकल ट्रायल, म्हणजे माणसांवरील औषधचाचणी, सुरू होती. रुग्णालय, औषध कंपनी आणि माणसे ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत, काही बदलले आहेत. मराठी कागदपत्रांची भाषा तपासण्याचे काम माझ्याकडे आले ते ट्रायल सुरू झाल्यावर, आणि या प्रकरणात ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

ट्रायलची रचना नेहमीचीच होती. सहभागींचे दोन गट. एका गटाला औषध, दुसऱ्याला दिसायला हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि डॉक्टरांनाही. फायदा मोजायला वॉमॅक नावाची प्रश्नावली वापरली जात होती. तिच्यात २४ प्रश्न असतात : ५ दुखण्याविषयी, २ सांधा आखडण्याविषयी आणि १७ रोजच्या हालचालींविषयी. जिना उतरताना काय होते, खुर्चीतून उठता येते का, मोजे घालता येतात का, असे. म्हणजे ही प्रश्नावली रुग्णाचा त्रास मोजते, कूर्चा (सांध्यातील हाडांवरचा मऊ थर) किती शिल्लक आहे ते मोजत नाही. झीज थांबवणारे किंवा भरून काढणारे मान्यताप्राप्त औषध आजही उपलब्ध नाही, आणि ही गोळीसुद्धा तसा दावा करत नव्हती.

अशा चाचणीत भाग घेण्याआधी रुग्णाची लेखी संमती घ्यावी लागते. २०१९च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार ही माहिती रुग्णाला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत द्यायची असते आणि संशोधनातून रुग्णाला किंवा इतरांना कोणता फायदा अपेक्षित आहे तेही सांगायचे असते. फायदा अपेक्षित नसेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते. संमतिपत्र रुग्णांचे हित पाहणाऱ्या नीतिमत्ता समितीने मंजूर केलेले असावे लागते. या समितीत किमान सात सदस्य असतात, आणि त्यांत डॉक्टर व वकिलांबरोबर एक सामान्य नागरिकही असावाच लागतो. इथे त्या जागी एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना 'बाई' म्हणत.

अडचण

मूळ इंग्रजी संमतिपत्रात फायद्याविषयी एकच वाक्य होते. ते देवनागरीत लिहायचे तर : 'द स्टडी ड्रग मे अमीलिओरेट द सिम्प्टम्स ऑफ युअर डिसीज.' म्हणजे, चाचणीतले औषध तुमच्या आजाराच्या लक्षणांचा त्रास हलका करू शकते. मराठीत ते असे उतरले होते : 'या औषधामुळे तुमच्या आजारात सुधारणा होऊ शकते.'

कंपनीच्या पद्धतीप्रमाणे या मराठीचे दुसऱ्या भाषांतरकाराकडून पुन्हा इंग्रजी करून घेतले गेले. त्या इंग्रजीत 'अमीलिओरेट' ऐवजी 'इम्प्रूव्ह' (सुधारणे) आले. दोन्ही क्रियापदे समानार्थी कोशात शेजारी शेजारी बसतात, म्हणून कोणाला काही खटकले नाही. 'सिम्प्टम्स', म्हणजे 'लक्षणे', हा शब्द मराठीत गळून गेला होता, तेही निसटले. मंजुरी मिळाली आणि सह्या सुरू झाल्या.

मग समितीच्या नेहमीच्या पाहणीसाठी बाई एका सदस्य डॉक्टरांसोबत ओपीडीत गेल्या. सही करून बाहेर आलेल्या एका आजींना त्यांनी विचारले, "काय सांगितलं हो आतमध्ये?" आजी म्हणाल्या, "नवी गोळी आलीय. सुधारतं म्हणे. वंगण भरून आलं की आपरेशन नको."

'वंगण' हा शब्द संमतिपत्रात कुठेच नव्हता, रुग्णांना माहिती देणाऱ्या समन्वयक ताईंनीही तो वापरला नव्हता. गुडघा दुखायला लागला की गावोगावी 'वंगण संपलं' असेच म्हणतात. 'आजारात सुधारणा' हे शब्द कानावर पडताच आजींनी ते आपल्या ठाऊक असलेल्या आजाराला लावले : संपलेले वंगण पुन्हा भरणार. त्यांना सांध्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला आधीच मिळाला होता आणि या गोळीच्या भरवशावर त्या तो बाजूला ठेवायला निघाल्या होत्या.

बाईंनी त्याच दिवशी समितीच्या सचिवांना पत्र लिहिले. नंतर कागदपत्रे माझ्याकडे आली.

हे क्रियापद नेमके काय सांगते

संमतिपत्र नीट वाचल्यावर हेच क्रियापद आणखी एका जागी सापडले. गोळीमुळे पोटात जळजळ होऊ शकते आणि जेवणानंतर गोळी घेतल्यास ती 'अमीलिओरेट' होते, असे मूळ वाक्य होते. तिथे मराठीत 'जळजळ दूर होते' असे होते. एकाच कागदावर एकाच क्रियापदाचे दोन अर्थ, आणि दोन्ही ठिकाणी मूळ आश्वासन फुगलेले.

'अमीलिओरेट' हे अठराव्या शतकात इंग्रजीत रूढ झालेले क्रियापद. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'मेलिओर', म्हणजे 'अधिक चांगले', आणि वाट फ्रेंचमधून. व्युत्पत्तीवर विसंबले तर 'सुधारणे' बरोबरच वाटते. वापर पाहिला की चित्र बदलते. इंग्रजीत हे क्रियापद जवळपास नेहमीच वाईट गोष्टीला लागते : हालअपेष्टा, दारिद्र्य, वेदना, दुष्परिणाम, बिकट परिस्थिती. जे मुळात ठीक आहे ते आणखी चांगले करायचे असेल तर इंग्रजी लिहिणारा 'इम्प्रूव्ह' किंवा 'एन्हान्स' घेतो. आणि जे 'अमीलिओरेट' झाले ते संपलेले नसते. सोसण्याजोगे झालेले असते.

समितीपुढे हे मांडताना मी कोशातल्या व्याख्यांपेक्षा इतिहासातली दोन उदाहरणे पुढे केली, कारण वकील सदस्यांना पुरावा हवा होता.

पहिले जिनिव्हा कराराचे. २२ ऑगस्ट १८६४ रोजी झालेल्या पहिल्या कराराच्या इंग्रजी नावातच 'अमीलिओरेशन' आहे : रणांगणावरील सैन्यांतील जखमींच्या स्थितीचे अमीलिओरेशन. १९४९च्या चार करारांपैकी पहिल्या दोघांच्या नावांतही तो शब्द कायम आहे, आणि भारतात हे करार १९६०च्या कायद्याने अमलात आणले गेले. युद्ध थांबेल किंवा जखमी सैनिक वाचेलच, असे हे करार म्हणत नाहीत. जखमीला उचलून न्या, तो कोणत्या बाजूचा आहे हे न पाहता उपचार करा, उपचार करणाऱ्यांवर हल्ला करू नका, एवढे ते सांगतात. गोळी लागलेल्या माणसाचे हाल कमी करणे हेच त्यांचे काम.

दुसरे उदाहरण जास्त बोचरे आहे. ब्रिटिश संसदेने १८२३ साली कॅरिबियन वसाहतींतील गुलामांच्या स्थितीच्या 'अमीलिओरेशन'चे धोरण स्वीकारले. १८२४ मध्ये त्रिनिदादसाठी काढलेल्या हुकमाने स्त्रियांना फटके मारणे बंद केले, शेतात चाबूक घेऊन फिरण्यास मनाई केली, शिक्षांची नोंदवही ठेवायला लावली. गुलामी मात्र तशीच राहिली. ती रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला, १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला, आणि त्यानंतरही सक्तीची उमेदवारी, म्हणजे जुन्याच मालकाकडे बांधील राहून काम, १८३८ पर्यंत चाललीच. त्या दहा वर्षांत माणसांची 'स्थिती सुधारली' असे मराठीत लिहिले तर ते खोटे नाही, पण वाचणाऱ्याला बेडी सैल झाली की तुटली हे कळत नाही. आमच्या संमतिपत्रात नेमकी हीच गफलत झाली होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय कंपनीच्या प्रतिनिधींनी सुचवला : 'आजारात' काढून 'लक्षणांत' घाला, बाकी वाक्य राहू द्या. 'आजाराच्या लक्षणांत सुधारणा होऊ शकते.' कमीत कमी बदल, मंजुरीही लवकर. पण 'लक्षणांत सुधारणा' ऐकायला विचित्र लागते. कोविडच्या काळात 'लक्षणे' हा शब्द घरोघर पोचला हे खरे. तरी गुडघा दुखणारा माणूस 'मला लक्षणं आहेत' म्हणत नाही. तो 'त्रास आहे' म्हणतो. आणि बोलीत 'लक्षणं' म्हटले की अजूनही आधी वागणूकच आठवते.

दुसरा पर्याय 'शमन' किंवा 'उपशम'. अर्थाने हे शब्द मूळ क्रियापदाच्या सर्वांत जवळ जातात, आयुर्वेदाच्या परंपरेत त्यांना नेमकी जागाही आहे. समितीतील एका डॉक्टरांना 'वेदनांचे शमन' फार आवडले होते. छापील पानावर ते शोभलेही असते. पण ओपीडीत रांगेत बसलेल्या माणसाला ते वाचून समजले नसते, आणि नियमाची पहिली अट तीच होती.

तिसरा पर्याय दवाखान्यातच रोज ऐकू येणारा. डॉक्टर विचारतात, "काही फरक?" आणि रुग्ण सांगतो, "थोडा फरक आहे" किंवा "काडीचा फरक नाही." 'अमीलिओरेट'ला बोलक्या मराठीत याहून चपखल काही असेल असे मला वाटत नाही. 'गुण येणे', 'आराम पडणे' आणि तापाच्या बाबतीत 'उतार पडणे' हेही त्याच कुळातले. या सगळ्यांत त्रास हलका होतो, आजार गेला असे कोणी समजत नाही. 'बरं वाटतंय' आणि 'बरा झालो' यांतला फरक तर शाळेत न गेलेल्या माणसालाही अचूक कळतो.

'दुखण्यात फरक पडू शकतो' याला वकील सदस्यांनी हरकत घेतली. बोलताना फरक चांगलाच असतो, कागदावर तो वाईटही असू शकतो. उद्या दुखणे वाढले तर कंपनी म्हणेल, आम्ही फरकच म्हटले होते. हरकत योग्य होती. 'गुण येणे' वेगळ्या कारणाने मागे पडले : गुण सिद्ध औषधाचा येतो, आणि या गोळीला गुण आहे की नाही हे तपासण्यासाठीच तर चाचणी होती.

चौथा पर्याय 'दुखणे कमी होऊ शकते'. साधा. त्याची अडचण एवढीच की कमी म्हणजे किती, आणि कमी झाल्यावर काय उरते, हे तो सांगत नाही.

निर्णय

इथपर्यंत सगळे एका शब्दाच्या शोधात होते. बैठक बाईंच्या एका प्रश्नाने वळली. त्या म्हणाल्या, "इंग्रजीत एका क्रियापदात दोन गोष्टी आहेत ना, काय कमी होणार आणि काय तसंच राहणार? मग मराठीत दोन वाक्यं लिहायला काय हरकत आहे?"

हरकत कंपनीची होती. भाषांतर मुळाला धरून असावे, मुळात नसलेले वाक्य घालता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते निराधार नव्हते. भाषांतरकार आपल्या मनाने भर घालू लागला तर प्रत्येक केंद्रावर वेगळे संमतिपत्र होईल. पण 'झीज भरून येत नाही' ही भर मुळाबाहेरची नव्हती. ती त्या क्रियापदाच्या अर्थातच होती, शिवाय चाचणीच्या आराखड्यात स्पष्ट लिहिलेली होती. आराखड्यातले ते पान दाखवल्यावर कंपनीने माघार घेतली.

मंजूर झालेला मजकूर असा : 'या गोळीमुळे तुमच्या गुडघ्याचे दुखणे आणि आखडणे काही प्रमाणात कमी होऊ शकते. कमी होईलच असे नाही. गुडघ्याची झालेली झीज या गोळीने भरून येत नाही. तुम्हाला औषध नसलेली गोळीही मिळू शकते.' दुसऱ्या जागी 'जळजळ दूर होते' ऐवजी 'जेवणानंतर गोळी घेतल्यास जळजळ कमी होते' असे केले.

मंजुरीआधी हा मजकूर ट्रायलशी संबंध नसलेल्या काही रुग्णांना आणि त्यांच्या सोबत आलेल्या नातेवाइकांना वाचून दाखवला. 'समजलं का?' असे विचारायचे नाही, हे आधीच ठरले होते, कारण दवाखान्यात या प्रश्नाला सगळे 'हो' म्हणतात. "घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?" असे विचारले. एका काकांनी दिलेले उत्तर मी टिपून ठेवले : "दुखायचं कमी होईल कदाचित. पण गुडघा हाय तसाच ऱ्हाणार." हे ऐकल्यावर मला मजकुराविषयी शंका उरली नाही.

'काही प्रमाणात' मात्र लोकांच्या उत्तरांतून सतत गळत होते. मी ते काढून 'थोडेफार' सुचवले; डॉक्टर सदस्यांना ते फार सैल वाटले आणि 'काही प्रमाणात'च राहिले. माझे मत अजूनही 'थोडेफार'च्या बाजूने आहे.

आधी सह्या केलेल्यांचे काय?

हा सर्वांत अवघड निर्णय होता आणि त्यावरच सर्वांत जास्त वेळ गेला. नवे रुग्ण घेणे सुधारित मजकूर मंजूर होईपर्यंत थांबवायचे, यावर एकमत झाले. पण जुन्या संमतिपत्रावर सह्या करून गोळ्या सुरू केलेल्यांना पुन्हा बोलवायचे का?

कंपनीचे म्हणणे, पुढच्या ठरलेल्या तपासणीला ते येतीलच, तेव्हा सांगू. मुख्य संशोधक डॉक्टरांची काळजी वेगळी आणि प्रामाणिक होती : गोळीकडून असलेली अपेक्षा अचानक बदलली तर दुखण्याविषयीची उत्तरेही बदलतील. सांधेदुखीच्या चाचण्यांत प्लासिबोनेही बऱ्याच जणांना बरे वाटते, त्यामुळे ही काळजी हवेतली नव्हती.

दुसऱ्या बाजूला एकच मुद्दा होता, पण तो भारी पडला. आजींसारखे कोणी शस्त्रक्रिया पुढे ढकलून बसले असतील तर पुढच्या तपासणीपर्यंत थांबणे म्हणजे त्यांचा निर्णय आपण त्यांच्या वतीने घेणे. समितीने सगळ्यांना फोन करून लवकर बोलवायला सांगितले. संशोधक डॉक्टरांच्या काळजीपोटी एक अट घातली : कोणत्या तारखेला कोणाला नवी माहिती दिली याची नोंद ठेवायची, म्हणजे आकडेवारीचे विश्लेषण करताना ते विचारात घेता येईल.

परिणाम

बहुतेक जण ट्रायलमध्ये राहिले. पुन्हा माहिती ऐकल्यावर काहींनी 'एवढंच ना, माहीत होतं' असे सांगितले. त्यांतल्या किती जणांना खरोखरच माहीत होते आणि किती जण डॉक्टरांचे मन राखत होते, हे सांगता येणार नाही.

आजी बाहेर पडल्या. मुलाशी बोलून त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख घेतली. ट्रायल सोडल्याने उपचारांत काही फरक पडणार नाही हे समन्वयक ताईंनी त्यांना दोनदा सांगितले, कारण 'डॉक्टर रागावतील' ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. शस्त्रक्रिया त्याच रुग्णालयात झाली.

कंपनीने इंग्रजी मूळ बदलले नाही. ते अनेक देशांत वापरात होते आणि बदल करायचा तर सगळीकडे पुन्हा मंजुरी लागली असती. इंग्रजी संमतिपत्र वाचणाऱ्या रुग्णांनाही हे क्रियापद सहज कळत असेल असे मला वाटत नाही. ते सरकारी अहवालांचे, ठरावांचे आणि शोधनिबंधांचे क्रियापद आहे.

त्याच पत्रव्यवहारात उलट दिशेचा एक प्रकार घडला, तोही नोंदवण्याजोगा. सुधारित मजकूर पाठवताना समन्वयक ताईंनी इंग्रजी पत्रात 'वुई हॅव अमीलिओरेटेड द मराठी कन्सेंट फॉर्म' असे लिहिले होते, आणि सोबतच्या अहवालात 'पेशंट्स वेअर अमीलिओरेटेड' असे. पहिल्या वाक्याचा अर्थ होतो की संमतिपत्राची दुर्दशा झाली होती आणि आता ती थोडी निवळली आहे. तिथे 'रिव्हाइज्ड' पुरेसे होते. दुसरे वाक्य इंग्रजीत चालतच नाही : माणूस अमीलिओरेट होत नाही, त्याचे दुखणे किंवा त्याची स्थिती होते. ताईंना हे एकदा सांगितल्यावर त्यांनीच त्याच अहवालातली अशी आणखी दोन वाक्ये शोधून दुरुस्त केली.

काय वेगळे करता आले असते

उलट भाषांतराची पद्धत इथे अपुरी पडली. तिने शब्द जुळतात का ते पाहिले. ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटते ते तिला दिसणे शक्यच नव्हते. रुग्णांना वाचून दाखवण्याचे काम पहिल्या मंजुरीआधी झाले असते तर एका दुपारीच 'वंगण' बाहेर आले असते. त्याला खर्च जवळपास नाही. तरीही ते होत नाही, कारण कोणाच्याच कामाच्या यादीत ते नसते.

भाषांतरकाराला चाचणीचा आराखडा दिला गेला नव्हता, फक्त संमतिपत्र दिले होते. मोजले काय जाणार आहे हे ठाऊक असते, वॉमॅकचे ते २४ प्रश्न नजरेखालून गेले असते, तर 'आजारात सुधारणा' त्याच्या हातून लिहिले गेले नसते असे मला वाटते. दोष त्याच्या मराठीचा नव्हता.

समितीलाही एक गोष्ट आधी करता आली असती. फायद्याविषयीचे वाक्य संमतिपत्रात एक-दोनच ओळींचे असते. ते बैठकीत मोठ्याने वाचून प्रत्येक सदस्याने 'म्हणजे रुग्णाचे काय उरणार?' हे विचारायचे, असा नियम आता त्यांनी केला आहे. 'सुधारणा', 'नियंत्रण', 'निवारण' या तीन शब्दांवर खूणही करून ठेवली आहे, कारण तिन्हींत कमी होणे आणि नाहीसे होणे यांची सरमिसळ होते.

याच केंद्रावर कन्नड बोलणारे रुग्णही येतात आणि त्यांचे संमतिपत्र वेगळ्या भाषांतरकाराने केले होते. तिथे या क्रियापदाचे काय झाले हे बघायला समितीने सांगितले आहे, आणि ते काम कन्नड मातृभाषा असलेल्या एका परिचारिकेने ओपीडीतल्या रुग्णांना मजकूर वाचून दाखवत सुरू केले आहे.